मॅडमची रेघ आणि माझा गुडघा

चुंबकाच्या पट्ट्यानं माझ्या गुडघ्याला गुण येईना, तेव्हा मी असा निष्कर्ष काढला की त्या पट्ट्यात चुंबक नाहीच. एवढा सरळ विचार मी आयुष्यात दुसरा केलेला नाही, आणि एवढा चुकीचाही. जन्मभर अंगणवाडीत पोरांना ‘आधी नीट बघा, मग बोला’ म्हणून शिकवलं, आणि स्वतःच्या पायाला काय बांधलंय ते एकदाही उलटून बघितलं नाही. माझ्या ह्या अकलेपायी एका गरीब गाईला गाव सोडावं लागलं, गोठ्याचे पत्रे उतरले, आणि एका भल्या बाईचं कित्येक वर्षांचं काम गुंडाळायची पाळी आली. पण तेव्हा मी लहान होते. चौसष्ट वर्षांची.

ती भली बाई म्हणजे आमच्या भाडेकरू मॅडम. वय पन्नाशीचं, केस पिकलेले आणि कानाच्या वर कापलेले, अंगात खादीचा झगा, त्याला एकही बटण नाही, सगळीकडं नाड्या. केसांना पिन नाही, हातात घड्याळ नाही, चष्म्याच्या काड्या दोऱ्यानं बांधलेल्या. पहिल्यांदा दारात उभ्या राहिल्या तेव्हा मला वाटलं, कुठल्यातरी आश्रमाची वर्गणी मागायला आल्यात. मी आतूनच ओरडले, “सुट्टे न्हाईत!”

त्यांना खोली हवी होती. आमचा मळा शिरूरकडून कवठे येमाईला जाताना लागतो, रस्त्यापासून चांगला आत, माळाच्या कडेला. पुढं स्लॅबचं घर, मागं मातीच्या भिंतींचं दोन खणांचं जुनं घर, त्यात आम्ही कडबा आणि मोडकी खाट ठेवायचो. मी अर्थातच स्लॅबची खोली दाखवली. फरशी, नळ, पंखा. मॅडमनी भिंतीवर टकटक केली आणि विचारलं, “ह्यात सळया आहेत?”

“भरपूर!” मी म्हणाले. “मुलानं बारा एमेमची घातलीय. भूकंप आला तरी हलायचं न्हाई.”

त्यांचा चेहराच पडला. मग मागच्या मातीच्या घराशी गेल्या, भिंतीला हात लावला, वर लाकडी वासे बघितले, आणि हसल्या. “हे द्या.” मग पुढचा प्रश्न : “आजी, इथं लाइट किती वेळ जाते?”

एक तर पन्नाशीच्या बाईनं मला आजी म्हणावं, हे मला झोंबलं होतं. त्यात भाडेकरू हातचा जाऊ नये म्हणून मी छातीठोक सांगितलं, “आमच्याकडं लाइट जातच न्हाई.”

मॅडमनी पिशवी उचलली. “मग नको.”

“अहो, जाते की!” मी मागं धावले. “दुपारची तर रोज जाते! कधी कधी सकाळीसुद्धा जाते!” आपल्याच विजेच्या फिडरची बदनामी करत भाडेकरू पटवणारी तालुक्यात मी एकटीच असेन.

लाइट गेली की खूश होणारा माणूस मी तोवर बघितला नव्हता. दुपारी पंखा थांबला, की आमच्या वाडीभर ‘गेली, गेली’ अशी हाकाटी व्हायची आणि मागच्या घरातून टाळी ऐकू यायची. संध्याकाळी पोरं ‘आली!’ म्हणून नाचायची, तेव्हा मॅडम दारात येऊन म्हणायच्या, “झालं. आला गोंगाट.” पहिले काही दिवस मला वाटलं की त्यांना टीव्हीचा आवाज टोचतो. पण त्यांचा गोंगाट कानाला ऐकू येणारा नव्हताच. तारेतून वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकत्व तयार होतं, आणि ते त्यांच्या यंत्राला ऐकू येतं. विहिरीवरची मोटार, शेजारचा ट्रॅक्टर, माझा मिक्सर, सगळं त्यांच्या लेखी बोंबलणारं. शांत जागा शोधत त्या आधी दौंडला राहून आल्या होत्या. “खोली छान होती हो,” त्या सांगायच्या. “पण विजेच्या गाड्या. गाडी फलाटाला लागायच्या आधी माझ्या यंत्राला कळायची. रात्रंदिवस ते गाड्याच मोजायचं. रेल्वेनं पगार द्यायला हवा होता त्याला.” कोरेगाव भीमाकडं बघितलं तर तिथं कारखाने. असं करत करत त्या आमच्या कडब्याच्या घरात येऊन पडल्या.

पहिल्याच दिवशी त्यांनी घरातली सगळी चुंबकं मागून घेतली. फ्रिजवरचा प्लॅस्टिकचा हत्ती, सुनेच्या पर्सचं बटण, जुना रेडिओ, नातवाची खेळण्यातली गाडी, सगळं एका डब्यात भरून रस्त्यापलीकडच्या पत्र्याच्या टपरीत ठेवायला लावलं. मग फाटकाजवळच्या कडुलिंबाला एक लहानसं चुंबक दोऱ्यानं टांगलं. येणाऱ्यानं देवळात घंटा वाजवावी तसं आधी तिथं जायचं, आणि आपली किल्ली, पट्टा, काय असेल ते त्याला दाखवायचं. चिकटलं तर फाटकाबाहेर ठेवायचं. दूधवाला, पोस्टमन, कुणाची सुटका नव्हती. लाइनमन तर पक्कड झाडाखाली ठेवून आत यायचा आणि पक्कड नसल्यानं काहीच न करता परत जायचा. मॅडमना तेच हवं होतं.

ह्या कडुलिंबाच्या चुंबकानं आमच्या घरात एक भांडणही लावलं. माझी धाकटी जाऊ शेजारच्याच मळ्यात राहते. तिनं एकदा तिच्या माहेरच्या स्टीलच्या डब्यातून मॅडमसाठी थालीपीठ आणलं. डबा चुंबकाला टक्कन चिकटला. मी धावत जाऊन माझ्या लग्नातला डबा आणला. चिकटला नाही. झालं. चुंबक चिकटतं ते स्टील भेसळीचं, हे बाजारात भांडी घेणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक असतं. मी तो आठवडा वाडीत मिरवले. जाऊ माझ्याशी बोलेना. मॅडमनी मला बाजूला घेऊन समजावलं, “आजी, भेसळ नाही ती. तेही स्टीलच, फक्त जात वेगळी. सांगा त्यांना.” मी म्हणाले, “सांगते की.” ते अजून सांगायचं राहिलंय.

मॅडमच्या तोंडी एकच शब्द कायम असायचा : “अजून पातळ.” चहा, आमटी, भाकरी, माझं बोलणं, सगळ्याला तेच. माझी एखादी गोष्ट लांबली, की त्या हात वर करून म्हणायच्या, “आजी, अजून पातळ.” मी चिडायचे. मग एकदा त्यांनी मला त्यांचं काम सांगितलं, आणि तो शब्द कुठून आला ते कळलं.

पुण्याला त्यांची प्रयोगशाळा होती. तिथं लोखंड आणि आणखी दोन पदार्थ नळीत बंद करून भट्टीत तापवायचे आणि त्याचा स्फटिक वाढवायचा. तो चुंबक असतो. त्याला अभ्रकासारखे पापुद्रे असतात. त्यावर साधी चिकटपट्टी दाबायची आणि ओढायची, की एक पापुद्रा पट्टीवर येतो. त्याला पुन्हा पट्टी, त्यातून आणखी पातळ पापुद्रा. असं करत करत शेवटी अणूंचे मोजून चारपाच थर उरतात. त्याहून पातळ करणं महाकठीण. एवढ्या पातळ चुंबकाला हवा लागली की तो नासतो, म्हणून करंजीत सारण भरावं तसा तो दुसऱ्या दोन पापुद्र्यांत बंद करायचा. त्यातून बारीकशी वीज सोडायची. जवळपास कुठं चुंबकत्व हललं, की ह्या थराचा रोख वळतो, विजेची वाट थोडी सोपी किंवा थोडी अवघड होते, आणि संगणकावरची रेघ वर किंवा खाली जाते. सगळं यंत्र म्हणजे एवढंच.

“पण जाडच का न्हाई ठेवायचा?” मी विचारलं. “दणकट तरी होईल.”

“दणकट नकोच आहे, आजी. जाडजूड माणसाला शेजारून कुणी गेलं तर कळतं का? पातळ असलं की नुसत्या वाऱ्यानंही हलतं.”

मला दाखवायला त्यांनी डबी उघडली. आत नखाएवढा काळा तुकडा, त्यावर सोनेरी रेषा. चुंबक कुठंय विचारलं तर म्हणाल्या, त्या रेषांच्या मधोमध. मी चष्मा लावून बघितलं, चष्मा काढून बघितलं. “मॅडम,” मी हळूच म्हणाले, “सांडलाय वाटतं.”

त्या इतक्या हसल्या की त्यांच्या तोंडाला येणारा लसणाचा वास माझ्यापर्यंत आला. हा वास हे वाडीतलं मोठं गूढ होतं. बाई एकादशी करते, कांदालसूण शिवत नाही, आणि अंगाला वास मात्र चटणीच्या खलबत्त्यासारखा. सुनेचं मत होतं की बाई चोरून खाते. खरी गोष्ट अशी की भट्टीत घालायच्या पदार्थांपैकी एकाची पूड कणभर जरी अंगात गेली, तरी श्वासाला लसणाचा वास येतो. पुण्याला भट्टी लावून आल्या की आठवडाभर दरवळायच्या. हे त्यांनी स्वतःहून सांगितलं. मी वाडीत सांगितलं. कुणाचाही विश्वास बसला नाही.

“ह्याचा उपयोग काय पण?” हे मी विचारलंच. अंगणवाडीची सवय.

त्यांनी डबी मिटली. “काळजाचा ठोका पडतो ना, तेव्हा तिथं वीज होते. वीज आली की चुंबकत्व आलं. फार बारीक, पण असतं. पोटातल्या बाळाचंसुद्धा. एक दिवस असा तुकडा बाईच्या पोटापासून वीतभर लांब धरला आणि बाळाचं काळीज बघितलं, असं व्हायला हवंय. मोठ्या यंत्रांनी होतं ते, पण ती यंत्रं तुमच्या गावात कशी यायची? हे डबीत येईल.” मग लगेच म्हणाल्या, “अजून फार लांब आहे. कदाचित माझ्या हातून होणारही नाही.”

पोटुशा बायांची वजनं घेत माझा जन्म गेला होता. त्या दिवसापासून मी मॅडमचा चहा मागितल्याशिवाय पातळ करायला लागले.

आता पट्ट्याकडं येते. जाऊबाईनं एका मंगल कार्यालयातल्या कार्यक्रमाला जाऊन चुंबकाची गादी घेतली होती. सांधे, पाठ, झोप, सगळ्यावर म्हणे एकच उपाय. मी तिची इतकी थट्टा केली, की बाजारात भाजीवाल्यासुद्धा तिला ‘गादी कशी आहे’ विचारायच्या. नंतर माझाच उजवा गुडघा धरला. शिरूरच्या बाजारात एक फिरता विक्रेता गुडघ्याचे चुंबकाचे पट्टे विकत होता. मी डोक्यावर पदर ओढून, आवाज बदलून, एक घेतला. साडीच्या आत बांधला आणि कुणालाही सांगितलं नाही. सून रांजणगावच्या कारखान्यात जाते, सकाळी कंपनीच्या बसनं निघते ती संध्याकाळी येते. मुलगा शेतात. घरात मला बघणारं कोण? मॅडमनी चुंबकं गोळा केली त्या दिवशी सून आणि जाऊ दोघी समोर उभ्या होत्या. पट्टा काढून दाखवणं म्हणजे जन्मभराची शोभा. शिवाय पट्टा बांधून महिना होऊन गेला होता, आणि गुडघा होता तसाच. म्हणजे विक्रेत्यानं फसवलं, आत नुसत्या रबराच्या चकत्या असणार. खोट्या चुंबकाची तक्रार कशाला करायची? कडुलिंबाची परीक्षा पाहुण्यांना होती. मालकिणीला कोण तपासणार?

दुपारी लाइट गेली की टीव्ही बंद, पंखा बंद, घर भट्टी. मग मी मेथी नाहीतर शेंगा घेऊन मागच्या घराच्या भिंतीला टेकून सावलीत बसायचे. भिंतीपलीकडं मॅडम काम करायच्या. त्यांचं काम म्हणजे बहुतेक वेळ नुसतं बसणं आणि मधूनच यंत्राशी बोलणं. “काय रे? काय झालं? आज का रुसलास?” कधी गुणगुणायच्या, फार बेसूर. चोरून ऐकण्यात जी मजा आहे ती समोर बसून ऐकण्यात नाही, हे मला चौसष्टाव्या वर्षीच कळलं होतं. मी खोकलासुद्धा दाबून धरायचे.

आणि नेमकी त्याच वेळी मॅडमची रेघ बिघडायला लागली.

लाइट गेली, सगळं शांत झालं, की रेघ आडवी सरळ व्हायला हवी. ती व्हायची. मग थोड्या वेळानं कुणीतरी टेकाडावर ढकलावं तशी वर चढायची, तिथंच बसून राहायची आणि लाइट यायच्या सुमाराला खाली उतरायची. मॅडमना वाटलं, घरची लाइट गेली तरी शेतीच्या वेगळ्या तारेवर विहिरीची मोटार चालू राहत असेल. मुलानं मोटारीची तारच काढून ठेवली. रेघ चढली. मग वाटलं, दुपारच्या उन्हानं गोठ्याचे पत्रे तापून हलत असतील. पत्रे उतरवले, गोठ्यावर पाचट टाकलं. रेघ चढली.

मग संशय आला गाईवर. गाई चाऱ्याबरोबर खिळे, तारा गिळतात, म्हणून काही डॉक्टर त्यांच्या पोटात कायमचं एक चुंबक सोडून ठेवतात. आमच्या गाईला मागं पोटदुखीवर काय काय दिलं होतं ते कुणाला आठवत नव्हतं. मॅडम तिच्यासमोर उभ्या राहून कितीतरी वेळ तिच्या पोटाकडं बघत होत्या. गाय माझ्याकडं बघत होती.

“आज्जे, हिला मामाकडं सोडून येऊ का काही दिवस?” मुलानं विचारलं. नातवंडांमुळं तोही मला आज्जे म्हणतो.

“सोड बाबा,” मी म्हणाले. “इज्ञानापुढं गाय काय.” आणि गुडघा चोळत ओट्यावर बसले. गाय मागं वळून वळून बघत गेली. तिला बहुतेक कळलं होतं.

रेघ चढतच राहिली. मॅडमचं खाणं सुटलं. त्यांना पैसे देणाऱ्या संस्थेची तीन माणसं पुढच्या आठवड्यात येणार होती. प्रयोगशाळेत चालतं ते बाहेर, खऱ्या गावात, खऱ्या घरात चालतं का, हे बघायला. चालत नसेल तर काम बंद, यंत्र परत. आणि हा तुकडा मॅडमना इतक्या वर्षांत जमलेला सगळ्यात चांगला. आता त्यांना वाटायला लागलं होतं की करंजीला कुठंतरी भोक पडलंय, आत हवा शिरतेय, तुकडाच नासलाय.

शेवटचा उपाय म्हणून त्यांनी यंत्र उचलून दुसऱ्या खणात, पार उत्तरेच्या भिंतीशी नेलं. मला इकडून काही ऐकू येईना, म्हणून मीही मेथी उचलून उत्तरेच्या भिंतीला गेले.

त्याच दिवशी चारच्या सुमाराला जाऊबाई ताकाची चरवी घेऊन आली. भांड्यांचं भांडण तोवर निवळलं होतं. आम्ही दोघी मॅडमच्या दाराशी गेलो. मॅडम जमिनीवर बसल्या होत्या, मांडीवर संगणक.

“बसा,” त्या म्हणाल्या. “उद्या सकाळी फोन करून सांगणार आहे त्यांना, येऊ नका म्हणून. यंत्र इकडं आणलं, तर ते जे काय आहे ते पण इकडं आलं.”

“भूतबीत हाय का काय, मॅडम?” जाऊनं विचारलं.

“असेल. पण विचित्र आहे. हे बघा, येताना रेघेवर लहान लहान दणके आहेत. एक मोठा, एक आखूड. एक मोठा, एक आखूड.” त्यांनी बोट फिरवलं. “हे चालतंय. दोन पायांवर. आणि एका पायानं लंगडतंय.”

माझ्या हातातला ताकाचा पेला तोंडापर्यंत गेला होता, तो तिथंच थांबला.

मी गप्प बसू शकले असते. पट्टा चुलीत घातला असता, दुसऱ्या दिवशी रेघ सरळ झाली असती, आणि मॅडमनी नवसाचा नारळ फोडला असता. पण त्या सकाळीच फोन करणार होत्या. आणि तोवर रेघ सरळ व्हायला दुपार कुठून आणायची? मी समोर बसलेल्या जाऊकडं बघितलं. वर्षभर गादीवरून छळलेली जाऊ. दुसरं कुणी असतं तर चाललं असतं.

“मॅडम,” मी म्हणाले, “तिकडं तोंड करा जरा.”

साडी वर घेतली, पट्टा सोडला, आणि उंबऱ्यावर ठेवला.

आधी जाऊला काही कळेना. मग तिनं पट्ट्यावरचं चित्र बघितलं. “आगं बया!” ती ओरडली. “आक्का! चुंबकाचा पट्टा! आन् मला येडी म्हणत व्हता व्हय? भर बाजारात माझी गादी काढत व्हता, आन् सोत्ता लुगड्यात हे बांधून हिंडत व्हता?”

“ह्यात चुंबक न्हाईच,” मी म्हणाले. “गुण कुठं आलाय?”

मॅडमनी पट्टा उचलला आणि अनवाणी पळत कडुलिंबाशी गेल्या. तिथूनही ‘टक्’ असा आवाज आम्हाला ऐकू आला. परत आल्या तेव्हा धाप लागली होती. “आहेत,” त्या म्हणाल्या. “चांगले दणदणीत आहेत. आजी, तुम्हाला कुणी फसवलेलं नाही.”

“मग गुडघा का बरा होईना?”

“गुडघ्याचा आणि चुंबकाचा काही संबंधच नाही म्हणून.”

जाऊचं हसू एकदम थांबलं. तिला तिची गादी आठवली असणार.

मॅडम रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, “गाईला परत आणा,” आणि मग मला चालायला लावलं. पट्टा बांधून, पट्टा काढून, जवळून, लांबून, भिंतीला लागून, विहिरीपर्यंत. पट्टा फाटकाबाहेर टपरीत ठेवला की रेघ अशी आडवी पडायची, की मॅडमना तिच्याकडं बघवेना. त्या डोळे पुसत होत्या. तुकडा नासला नव्हता. तो पहिल्या दिवसापासून खरं तेच सांगत होता, आणि सगळी वाडी त्याला खोटं ठरवत होती.

सकाळचा फोन झाला नाही.

तीन माणसं आली. कडुलिंबानं त्यांचे पट्टे, किल्ल्या, फोन, सगळं काढून घेतलं. त्यांतले एक अंगानं बारीक होते, ते दिवसभर एका हातानं पँट धरून विज्ञान बघत होते. मॅडमनी आकडे दाखवले, आलेख दाखवले. पँटवाल्यांचं समाधान होईना. शेवटी मॅडम म्हणाल्या, भिंतीपलीकडं आजी आहेत, गुडघ्याला पट्टा आहे, मी न बघता सांगते त्या काय करतायत. आणि रेघेकडं बघत सांगू लागल्या : उठल्या, चालल्या, थांबल्या, वळल्या. पँटवाले स्वतः बाहेर येऊन माझ्याशेजारी उभे राहिले, खरं-खोटं करायला. त्यांच्या तोंडावर दिसत होतं, की बायांनी आधी ठरवून ठेवलंय.

मला ते खपलं नाही. जाऊ तमाशा बघायला आलीच होती. मी पँटवाल्यांसमोर तोंडावर बोट ठेवलं, पट्टा सोडला आणि जाऊच्या पायाला बांधला. तिनं डोळे वटारले. मी खुणेनंच म्हटलं, चाल.

ती चालली. आतून मॅडमचा आवाज आला, “आता आजी पुन्हा...” आणि थांबला. मग काळजीत पडल्यासारखा, “आजी? ह्या आजी नाहीत. ही कुणी तरी दुसरीच आहे. ही लंगडत नाही. आजी कुठं गेल्या? पडल्या का?”

पँटवाल्यांनी दोन्ही हातांनी टाळी वाजवली. पँटीकडं मी बघितलं नाही, पण जाऊनं बघितलं.

अर्थात नुसत्या टाळीवर काम भागत नाही. ती माणसं दुसऱ्या दिवशीही आली, आकडे पुन्हा तपासले, मग कुठं काम पुढं चालू ठेवायचं ठरलं. मॅडम आमच्याकडं आणखी बराच काळ राहिल्या. आता त्या दूर गेल्यात, आणखी पातळ काहीतरी करतायत. कधी फोन येतो. बाळाच्या काळजाचं विचारलं की म्हणतात, “अजून लांब आहे, आजी. पण मागच्या वेळेपेक्षा जवळ.”

त्या माणसांची गाडी दुसऱ्या दिवशी रस्त्याला लागली, तेव्हा मी चहा घेऊन मागं गेले. पट्ट्याबद्दल माफी मागायची होती, ती अजून मागितली नव्हती. मॅडम संगणकासमोर बसल्या होत्या, जुने आलेख एकाखाली एक उघडून. मी काही बोलायच्या आत त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या :

“आजी, मागच्या सगळ्या दुपारी पुन्हा काढून बघितल्या मी. तुम्ही एकही चुकवलेली नाही हो. आणि मी दर रविवारी आईला फोनवर रडून सांगायचे, की इथं माझ्याजवळ कुणी म्हणून कुणी नसतं. आता काय सांगू तिला?”